गोदाकाठच्या उद्यानाच्या विश्वस्तांना खुले पत्र : देखभालीचा खर्च फाटकावर वसूल करू नका

प्रति,
मा. अध्यक्ष व सर्व विश्वस्त,
गोदाकाठच्या उद्यानाचा निधी सांभाळणारे फाउंडेशन,
नाशिक.

विषय : प्रवेशशुल्क आणि हिरवळ भाड्याने देण्याचा निर्णय मागे घेण्याबाबत व उद्यानासाठी कायम निधी उभारण्याबाबत.

सविनय नमस्कार.

आपल्या फाउंडेशनने गंगापूर रस्त्याच्या मागे, गोदावरीच्या उजव्या तीरावर उभ्या केलेल्या उद्यानाच्या फाटकावर गेल्या आठवड्यात एक फलक लागला. पुढच्या महिन्यापासून दुपारी चारनंतर प्रत्येकी वीस रुपये प्रवेशशुल्क आकारले जाईल आणि नदीकडची मोठी हिरवळ लग्न, वाढदिवस व कंपन्यांच्या कार्यक्रमांसाठी भाड्याने दिली जाईल, असे त्यावर लिहिले आहे. कारण एका ओळीत दिले आहे : देखभालीचा वाढता खर्च. हा निर्णय मला मान्य नाही. ज्यांच्या देणग्यांवर हे उद्यान उभे राहिले आणि जे तिथे रोज येतात, त्या सर्वांशी त्याचा संबंध असल्यामुळे माझा आक्षेप आपल्याला खासगीत न कळवता उघडपणे मांडत आहे.

या उद्यानाशी माझे नाते दुहेरी आहे. निधिसंकलनाच्या पहिल्या वर्षी, निवृत्तीनंतर हाती आलेल्या रकमेतून मी देणगी दिली. तिची ८०-जी कलमाखालची पावती आणि सोबत मिळालेले आपले पत्रक मी जपून ठेवले आहे. दुसरे असे की, नोकरीची बहुतेक वर्षे मी सार्वजनिक न्यासांचे हिशेब लिहिण्यात घालवली. शाळा, वाचनालये, देवस्थाने यांची कीर्द-खतावणी, ताळेबंद, धर्मादाय आयुक्त कार्यालयात सादर करायची पत्रके ही माझी रोजची कामे होती. त्यामुळे फलकावरचे कारण वाचल्यावर मला पहिला प्रश्न पडला तो हा, की देखभालीसाठी राखून ठेवलेला निधी कुठे आहे. आपल्या छापील वार्षिक अहवालांत मी तो शोधला. बांधकामाचा खर्च आहे, उद्घाटनाची छायाचित्रे आहेत, देणगीदार कंपन्यांची बोधचिन्हे आहेत. देखभालीचा राखीव निधी नाही.

खर्च खरा आहे, हे मी आधीच मान्य करते. तीन पाळ्यांचे सुरक्षारक्षक, माळी, पाण्याच्या मोटारी, दिव्यांचे वीजबिल, स्वच्छतागृहांची सफाई आणि दर पावसाळ्यानंतर उपसावा लागणारा गाळ, यांतले काहीही फुकट होत नाही आणि फुकट व्हावे असे कोणी म्हणतही नाही. माझी तक्रार या खर्चाबद्दल नाही. हा खर्च येणार हे पहिल्या दिवसापासून माहीत असताना त्याची तरतूद का झाली नाही, आणि तरतूद करता येण्यासारखा जो पैसा हाती होता तो दुसरीकडे का गेला, याबद्दल आहे.

हा मुद्दा थोडा सविस्तर मांडते, कारण बाकीच्या सर्व तक्रारी त्यातूनच निघतात. आपल्याकडे दोन प्रकारचा पैसा आला. एक कंपन्यांच्या सामाजिक उत्तरदायित्वाचा, ज्याला सगळे सीएसआर म्हणतात. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ज्या कंपनीची निव्वळ मत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा त्याहून अधिक आहे, तिला मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम अशा कामांवर खर्च करावी लागते. या पैशाला मुदत असते. अनेक वर्षे चालणारा प्रकल्प असला, तरी तो सुरू झाला ते आर्थिक वर्ष सोडून पुढची तीन वर्षे, एवढीच त्याची कमाल मर्यादा आहे. शिवाय जानेवारी २०२१ मध्ये नियम बदलल्यापासून कोणत्याही संस्थेच्या कायम निधीत घातलेली रक्कम सीएसआर खर्च म्हणून धरली जात नाही. म्हणजे कंपनीच्या पैशातून पायवाट बांधता येते, झाडे लावता येतात, तीन-चार वर्षे ती जगवता येतात. पण त्या पैशाची ठेव करून तिच्या व्याजावर दहा वर्षांनी माळ्याचा पगार भागवता येत नाही.

दुसरा पैसा आमच्यासारख्यांचा. नागरिकांच्या देणगीवर असे बंधन नाही. देणगीदाराने लेखी सांगितले की ही रक्कम कायम निधीसाठी आहे, तर न्यासाने ती आयकर कायद्याने मान्य केलेल्या गुंतवणुकीत ठेवायची आणि तिचे उत्पन्न तेवढे वापरायचे, ही पद्धत प्रत्येक जुन्या वाचनालयाच्या ताळेबंदात दिसते. सात टक्के व्याज धरले तर एक कोटीच्या कायम निधीतून वर्षाला सात लाख येतात; त्यातला काही भाग महागाईसाठी परत मुद्दलात घातला, तरी काही माणसांचा पगार कायमचा सुटतो. ठेवता येण्यासारखा पैसा होता तो हाच. आपण तो प्रवेशकमानीवर, संगीत कारंज्यावर आणि शोभेच्या दिव्यांच्या खांबांवर खर्च केला. ही सर्व कामे मुदतीच्या सीएसआर निधीतून करता आली असती. आम्हाला पावती देताना कायम निधीसाठी लेखी संमती विचारली गेली नाही. विचारली असती तर माझ्या ओळखीतल्या बहुतेकांनी आनंदाने दिली असती. आता कंपन्यांची मुदत संपत आली आहे, नागरिकांचा पैसा दगडात आणि दिव्यांत अडकला आहे, आणि ज्यांनी एकदा देणगी दिली त्यांनाच फाटकावर पुन्हा पैसे मागितले जात आहेत.

आपल्या शहराला तरी ही गोष्ट नवी वाटायला नको. गोदाघाटावरची देवळे आणि घाट कोणी ना कोणी दानातून बांधले. नारोशंकर राजेबहाद्दरांनी १७४७ मध्ये बांधलेले मंदिर आजही पुराच्या पाण्यात पाय रोवून उभे असते. त्या काळात देऊळ बांधणारा माणूस त्याच्या दिवाबत्तीसाठी, पूजेअर्चेसाठी आणि डागडुजीसाठी इनाम जमीन किंवा वर्षासन, म्हणजे दरवर्षी मिळणारी ठरावीक रक्कम, लावून देत असे. त्यानंतरच दान पुरे झाले असे मानले जाई. आपल्या पत्रकात उद्यानाला ‘नाशिककरांना दिलेली भेट’ असे म्हटले आहे. त्या भेटीला वर्षासन कोणी लावले, हे विचारण्याचा देणगीदारांना अधिकार आहे.

याच पत्रकात आणखी एक वाक्य आहे : ‘उद्यान सर्वांसाठी कायम खुले व विनाशुल्क राहील.’ या वाक्यावर विश्वास ठेवून लोकांनी पैसे दिले. ते वाक्य बदलायचे असेल तर देणगीदारांना निदान आधी विचारायला हवे होते. फलक लावून ते परस्पर बदलले गेले, याची मला सर्वाधिक खंत वाटते.

आता खर्च कशावर झाला याबद्दल. उद्यानाचा बराचसा भाग निळ्या पूररेषेच्या आत आहे. पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची ती रेषा. तिच्या आत बांधकामाला मनाई असते आणि उद्यान, मैदान अशा मोकळ्या वापरालाच मुभा असते. याचा अर्थ तिथे पाणी येणार हे गृहीत आहे. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की काही तासांत रामकुंडावर पाणी चढते आणि सगळे शहर तिथल्या दुतोंड्या मारुतीची मूर्ती किती बुडाली हे पाहून पुराचा अंदाज बांधते. २००८, २०१६ आणि २०१९ चे पूर पाहिलेल्या कोणालाही हे समजावून सांगावे लागत नाही. अशा जागी जमिनीखाली पंप असलेले कारंजे, पाण्याखाली जाणाऱ्या वीजजोडण्या आणि गुळगुळीत ग्रॅनाइटच्या बैठका बसवणे म्हणजे दर मोठ्या पुरानंतर नव्याने करावयाचा खर्च आपण होऊन मागे लावून घेणे होय. गेल्या पावसाळ्यात पाणी आत आले, तेव्हापासून कारंजे बंद आहे आणि खालच्या पायवाटेवरचे निम्मे दिवे लागत नाहीत. त्याच पाण्यातून काठावरची करंजाची आणि उंबराची झाडे, साध्या दगडी पायऱ्या आणि मुरमाची पायवाट जवळजवळ जशीच्या तशी बाहेर आली. त्यांच्यावरचा गाळ दोन दिवसांत खरवडून निघाला. देखभालीचा जो ‘वाढता खर्च’ फलकावर लिहिला आहे, त्यातला किती खर्च झाडांचा आणि माणसांच्या पगाराचा आहे आणि किती या न टिकणाऱ्या सजावटीचा आहे, हे आकड्यांनिशी सांगावे.

हिरवळ भाड्याने देण्याविषयी. गंगापूर रस्त्यावर लग्नाच्या लॉन्सची कमतरता नाही. लग्नसराईच्या दिवसांत तिथली वाहतूक, डीजेचा आवाज आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कुंपणाबाहेर साचलेल्या पत्रावळ्या आणि प्लॅस्टिकचे पेले यांचा अनुभव आम्ही रहिवासी घेतच असतो. त्या सर्व लॉन्सपेक्षा या हिरवळीचे वेगळेपण एवढेच, की ती नदीला लागून आहे आणि कोणाच्या खासगी मालकीची नाही. मंडप आणि स्वयंपाकाच्या ट्रक तिथे उतरायला लागल्या की सांडपाणी आणि खरकटे कुठे जाईल, याची व्यवस्था फलकावर नाही आणि आपल्या कार्यालयातही मला कोणी सांगू शकले नाही. दुसरी बाब हिशेबाची आहे. लोकोपयोगी कार्याच्या नावाने करसवलत घेणाऱ्या न्यासाने शुल्क किंवा भाडे घेऊन सेवा देण्याचा व्यवहार केला, तर त्या उत्पन्नाला एकूण जमेच्या २० टक्क्यांची मर्यादा असते. देणग्या आटत आहेत आणि भाडे वाढत आहे अशा स्थितीत ही मर्यादा ओलांडायला वेळ लागत नाही. करसवलतच धोक्यात आली, तर पुढचे देणगीदारही जातील. आपल्या सनदी लेखापालांनी यावर लेखी मत दिले आहे का, हे मला जाणून घ्यायचे आहे.

देणगीदारांच्या सभेत एका विश्वस्तांनी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन ब्रिज पार्कचे उदाहरण दिले होते, की तिथेही नदीकाठच्या उद्यानाचा खर्च त्याच्या हद्दीतल्या इमारतींच्या उत्पन्नातून चालतो. ते खरे आहे. पण तिथे ही व्यवस्था उद्यान होण्याआधीच आराखड्यात लिहिलेली होती, तिच्यावर वर्षानुवर्षे उघड वाद झाले, प्रकरणे न्यायालयात गेली, आणि इतके होऊनही उद्यानात जायला आजही पैसे पडत नाहीत. उदाहरण घ्यायचे असेल तर ते पूर्ण घ्यावे.

वीस रुपये कोणाला जड जातात, हेही लिहिले पाहिजे. मला जात नाहीत, कदाचित आपल्यापैकी कोणालाच जात नसतील. पण दुपारी चार ते रात्री नऊ या वेळेत उद्यानात कोण असते, हे एकदा येऊन पाहावे. स्पर्धा परीक्षेची पुस्तके घेऊन अंधार पडेपर्यंत बाकांवर बसणारी, खेड्यांतून आलेली मुले असतात. खोलीत तीन जण राहत असल्याने त्यांना वाचायला दुसरी शांत जागा नसते. धुणीभांड्याची कामे आटोपून, लेकरांना घेऊन तासभर टेकणाऱ्या बायका असतात. एका बाईला दोन मुले आणि सासूबाईंसह यायचे तर रोजचे ऐंशी रुपये होतात. ती येणे बंद करील, आणि येणे बंद झालेल्या माणसांची नोंद कोणत्याही अहवालात होत नाही. सकाळी मोफत आणि संध्याकाळी सशुल्क, या विभागणीत सकाळी फिरायला जाण्याची सवड असलेल्यांना सूट मिळते आणि दिवसभर कामाला जाणाऱ्यांकडून पैसे घेतले जातात.

यानंतर हिशेबांच्या खुलेपणाबद्दल. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याप्रमाणे आपले लेखापरीक्षण दरवर्षी होते आणि त्याचा अहवाल धर्मादाय आयुक्तांकडे जातो, हे मला ठाऊक आहे. तो लोकांपर्यंत पोहोचत नाही. देणगीदार म्हणून मी मागील तीन वर्षांचे ताळेबंद लेखी मागितले. उत्तरादाखल एक रंगीत पुस्तिका मिळाली. आपल्याकडे काही गैर घडले आहे असे मी म्हणत नाही आणि तसा माझा संशयही नाही. पण चांगल्या माणसांच्या मंडळालाही बाहेरच्या नजरेची गरज असते, याचे ताजे उदाहरण आपल्याच प्रकारच्या संस्थेचे आहे. अमेरिकेतील डेट्रॉइट शहरात नदीकाठाचे काम २००३ पासून एक ना-नफा संस्था करते. मोठ्या धर्मादाय संस्था आणि शहरातील प्रतिष्ठित मंडळी तिच्या पाठीशी होती. २०२४ मध्ये उघड झाले की तिच्याच मुख्य वित्त अधिकाऱ्याने अनेक वर्षे तिचे पैसे काढले. रक्कम चार कोटी डॉलरच्या पुढे गेली होती. त्याने गुन्हा कबूल केला आणि २०२५ मध्ये त्याला एकोणीस वर्षांची शिक्षा झाली. इतकी वर्षे मंडळाच्या लक्षात आले नाही, ते मंडळातील माणसे वाईट होती म्हणून नव्हे. सगळे आकडे एकाच माणसाच्या हातून मंडळापुढे येत होते.

उद्यानाची जमीन महापालिकेची आहे आणि आपल्याला ती नाममात्र भाड्याने मिळाली आहे. माहितीच्या अधिकाराच्या संदर्भात २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की, शहरातील जमीन संस्थेला मोफत किंवा मोठ्या सवलतीत दिली गेली असेल, तर तेही शासनाकडून मिळालेले भरीव अर्थसाहाय्य ठरू शकते, आणि मग ती संस्था माहितीच्या अधिकाराच्या कक्षेत येऊ शकते. त्या वाटेने माहिती मागण्याची वेळ देणगीदारांवर येऊ नये. जी जागा जनतेची आहे तिच्यावर झालेला खर्च जनतेला आपणहून दाखवणे आपल्या संस्थेला शोभेल.

विश्वस्त मंडळावर आज एकही सामान्य देणगीदार किंवा परिसरातला रहिवासी नाही. प्रवेशशुल्काचा ठराव झाला त्या बैठकीत असा एखादा माणूस असता, तर वर लिहिलेल्यापैकी निम्म्या गोष्टी तिथेच निघाल्या असत्या.

माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

प्रवेशशुल्काचा आणि हिरवळ भाड्याने देण्याचा निर्णय अमलात येण्याआधी स्थगित करावा आणि देणगीदार व रहिवाशांची जाहीर सभा घेऊनच त्यावर पुढे काय ते ठरवावे.

मागील तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद आणि जमाखर्च मराठीत, समजतील अशा शीर्षकांखाली, उद्यानाच्या सूचनाफलकावर आणि आपल्या संकेतस्थळावर लावावेत. त्यात सीएसआर निधी व नागरिकांच्या देणग्या वेगळ्या दाखवाव्यात, आणि देखभालीचा खर्च पगार, वीज, पाणी, झाडे, पूरनुकसान व सजावटीची दुरुस्ती असा फोडून द्यावा.

उद्यानासाठी स्वतंत्र कायम निधी सुरू करावा. यापुढच्या प्रत्येक नागरिकाच्या देणगीच्या पावतीवर कायम निधीसाठी लेखी संमती देण्याची सोय असावी. या निधीचे मुद्दल कोणत्याही कारणासाठी मोडता येणार नाही, असा ठराव मंडळाने करून तो प्रसिद्ध करावा. कंपन्यांशी नवे करार करताना बांधकामासोबत नियमात बसतील तेवढ्या सर्व वर्षांच्या देखभालीची रक्कम करारातच घ्यावी. ती देण्याची तयारी नसेल तर ते बांधकाम स्वीकारू नये. २०२७ च्या सिंहस्थाच्या निमित्ताने गोदाकाठावर पैसा देऊ इच्छिणारे पुष्कळ जण पुढे येतील, तेव्हा ही अट आधीपासून ठरलेली असणे फार महत्त्वाचे आहे.

निळ्या पूररेषेच्या आतले कारंजे पुन्हा सुरू करण्यावर खर्च करू नये. ते काढून टाकावे, आणि त्या जागी काय असावे हे ठरवताना पुराच्या पाण्यात टिकेल आणि कमी खर्चात स्वच्छ होईल एवढीच कसोटी लावावी.

विश्वस्त मंडळावर किमान दोन जागा देणगीदार आणि परिसरातील रहिवासी यांच्यासाठी असाव्यात. न्यासाच्या घटनेत त्यासाठी बदल करावा लागत असल्यास ती प्रक्रिया सुरू करावी. तोवर हिशेब पाहण्यासाठी नागरिकांची एक छोटी समिती नेमता येईल. त्या समितीत विनामोबदला काम करायला मी तयार आहे, आणि या शहरात माझ्यासारखे निवृत्त लेखापाल, बँक कर्मचारी आणि अभियंते पुष्कळ आहेत.

कायम निधी सुरू झाल्याचा ठराव प्रसिद्ध झाला, तर त्यातली पहिली देणगी देणाऱ्यांत माझे नाव असेल. शुल्क सुरू होण्याच्या तारखेआधी या पत्राला लेखी उत्तर मिळावे आणि तेही उद्यानाच्या फाटकावर, त्याच फलकाशेजारी लावावे, ही विनंती.

आपली विश्वासू,
उद्यानाची एक देणगीदार व रहिवासी,
गंगापूर रस्ता, नाशिक